मेंदी लावलेलं मांजर

मयूर विहारच्या आमच्या घरात संध्याकाळी पाच वाजता एक आवाज ठरलेला असायचा. आई दार उघडून जिन्याच्या कठड्याशी उभी राहायची, स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवायची आणि खाली वाकून हाक मारायची, "ये गं बाई, ये." वाटीत भाजलेली सुकट असायची. ही सुकट वसईहून मामा पाठवायचा, नाताळच्या फराळाबरोबर एकदा आणि उन्हाळ्यात एकदा. आईचं माहेर वसईचं, ख्रिस्ती; बाबांचं घर पुण्याचं, गणपतीवालं. त्यामुळे आमच्याकडे सुकट भाजायची आणि लगेच उदबत्ती लावायची, अशी दोन्ही घराण्यांना मान्य होईल अशी पद्धत पडली होती. वरच्या मजल्यावरच्या शुद्ध शाकाहारी शेजारणीला तो संयुक्त वास कसला ते शेवटपर्यंत कळलं नाही. माझ्या मुलांना आज सुकट हा शब्दच ठाऊक नाही. 'वो छोटी वाली सूखी मछली' म्हणतात, आणि नाक मुरडतात. ती वाटी मात्र अजून माझ्याकडे आहे. पुढे काही वर्षं ती आमच्या नाही, दुसऱ्याच घरी वाजत असे. ते कसं झालं तेच इथे लिहायचं आहे.

बाई म्हणजे मांजर. पांढरीशुभ्र, चपट्या नाकाची, अंगावर वीतभर केस असलेली पर्शियन मांजर. ती आमची नव्हती. माझा आतेभाऊ आनंददादा मुनिरक्यात खोली घेऊन शिकत होता, त्याच्या खोलीतल्या मित्राने हौसेने हे जातिवंत पिल्लू आणलं आणि परीक्षा संपताच दादाच्या गळ्यात मारून तो आपल्या गावी निघून गेला. मुनिरक्यात घरं अशी खेटून बांधलेली की एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर माणूससुद्धा ढांग टाकून जाईल. त्या गच्च्यांवर ही खानदानी बाई वाढली आणि गल्लीतल्या कुठल्याही मांजरासारखी हिंडायला शिकली. दादाला परदेशी नोकरी लागली तेव्हा भाजीच्या टोपलीत घालून, वर ओढणी बांधून, त्याने तिला रिक्षाने आमच्याकडे आणलं. "फक्त दोन महिने, मामी," असं तो आईला म्हणाला. दोन महिन्यांनी त्याचा फोन आला, त्यात मांजराचा विषय निघाला नाही. त्याने तिचं नाव स्नोई ठेवलं होतं. आईला ते तोंडात धरवेना, म्हणून ती तिला नुसतं बाई म्हणू लागली. दिल्लीत बाई म्हणजे कामवाली. "आपकी बाई पानी की टंकी पर बैठी है," असं शेजारच्या आंटी सांगायला यायच्या, आणि नवीन माणूस ते ऐकून घाबरायचा.

आईला मुळात मांजर नको होतं. पुण्यातली शाळेची नोकरी सोडून ती बाबांच्या बदलीमागे दिल्लीत आली होती, आणि 'आता निदान कुणाचं काही करायला लावू नका' असं तिने स्पष्ट सांगितलं होतं. पण बाबा सकाळी मेट्रोने ऑफिसला जायचे ते दिवेलागणीला यायचे, मी शाळेत आणि मग क्लासला. दिवसभर तिच्या कानावर आणि तोंडात हिंदी. तिची हिंदी धड नव्हती, भाजीवाला हसायचा, आणि आई हसण्याला फार भ्यायची. मी एकदा शाळेतून लवकर आले तर दाराबाहेरच मला आईचा आवाज ऐकू आला. ती आत कुणाला तरी सांगत होती की डाळ इथे शिजतच नाही, पाणीच तसलं आहे, आणि पुण्याला काय छान शिजायची. आत गेले तर ओट्यापाशी बाई बसलेली. मी आल्यावर आई गप्प झाली. घरात मराठी बोलणारे आम्ही तिघं होतो, पण ऐकणारी ती एकटीच होती, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मी पंधरा वर्षांची होते आणि मला बाकी सगळं कळत होतं.

तिला घरात ठेवण्याचे सगळे प्रयत्न झाले. बाल्कनीला कबुतरांसाठी लावलेली जाळी होतीच. त्या जाळीला नाक लावून ती दिवसभर असा सूर लावायची की खालच्या मजल्यावरून 'बच्चा बीमार है क्या' अशी चौकशी यायची. तिला गच्ची नको होती, बाल्कनी नको होती. तिला माती हवी होती, झुडपाखालची गार जागा हवी होती. चौथ्या दिवशी आईने हात टेकले आणि स्वतःची एक पद्धत बसवली. सकाळी बाईला पोटभर द्यायचं नाही. अर्धं पोट ठेवूनच बाहेर सोडायचं आणि उरलेलं अर्धं संध्याकाळी पाचला, वाटी वाजवून. भूक हीच तिची दोरी, असं आई म्हणायची. करोल बागेतून बाबांनी घुंगराचा पट्टा आणला, त्याला आमचा फोन नंबर लिहिलेली चकती लावली. तो पट्टा बाईने तीनदा झाडावर अडकवून ठेवला. तिवारीजी नावाचे गेटवरचे चौकीदार काठीने काढून द्यायचे आणि म्हणायचे, "मैडम, आपकी बाई का गहना." चौथ्यांदा तो हरवला तो कायमचाच. गाड्यांची धास्ती होती, पण तिथे आम्हाला अनपेक्षित मदत मिळाली. मांजर आडवं गेलं की भलेभले गाडीवाले करकचून ब्रेक लावत आणि दुसरी गाडी आधी पुढे जाईपर्यंत थांबून राहात. लाल दिव्याला न जुमानणारी दिल्ली मांजराला जुमानते, असं बाबा म्हणायचे.

आज आमच्या नोएडाच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणी ना कुणी विचारत असतं, मांजराला बाहेर सोडावं का. मग शंभर उत्तरं येतात. पट्ट्यात बसवायचं ते यंत्र घ्या, मांजर कुठे आहे ते फोनवर दिसतं, वगैरे. मी काही लिहीत नाही. आमच्याकडे त्या वेळी वाटी आणि चमचा होता, आणि वर्षभर तेवढ्यावर भागलं.

भागलं नाही ते माणसांमुळे. बाई रस्त्याने चालली की लोक थांबायचे. फोटो काढायचे, हात लावायचे, 'विदेशी है' म्हणायचे. एका दुपारी तिवारीजी स्वतः वर सांगायला आले. एक गाडी थांबली, त्यातला तरुण उतरला, त्याने बाईला शांतपणे उचललं आणि मागच्या सीटवर ठेवलं. तिवारीजींनी गाडीच्या समोर उभं राहून काठी आपटली तेव्हा त्याने तितक्याच शांतपणे तिला खाली ठेवलं आणि 'लावारिस समझा था' म्हणून तो निघून गेला. आईने ते ऐकून तिवारीजींना चहा दिला. त्या दिवशी ती पाच वाजायची वाट न बघता तीन वाजताच वाटी वाजवू लागली.

त्यावर उपाय मी काढला. हे मला लिहून ठेवलंच पाहिजे, कारण पुढे घरात कुणी कधी ते बोलून दाखवलं नाही. मी म्हटलं, ती सुंदर आहे म्हणून चोरतात ना, मग तिला कुरूप करून टाकू. उन्हाळा तोंडावर होता, केसांच्या गुठळ्या झाल्याच होत्या, कापायचे तर होतेच. बाबांच्या दाढीच्या मशीनने रविवारी आम्ही तिला भादरलं. आईने धरलं, मी मशीन चालवलं. तोंड आणि शेपटीचा गोंडा सोडून बाकी सगळं गेलं तेव्हा खालून एक छोटंसं, गुलाबीसर, रागावलेलं जनावर निघालं. तरी ती पांढरीच होती, डोळ्यांत भरत होती. त्या रविवारी आईने केसांना लावायची मेंदी लोखंडी कढईत भिजवलेली होती. आई डोकं चोपडून बसली होती आणि कढईत थोडी उरली होती. पुढचं सांगायला नको. मेंदी मांजराला चांगली नसते हे मला फार नंतर एका डॉक्टरने सांगितलं. तेव्हा आम्हाला एवढंच वाटलं की रंग छान चढलाय. धुतल्यावर बाई भुरकट, विटकरी, मध्येच पट्टे सुटलेली अशी दिसू लागली. आईचे केस आणि बाई एकाच कढईतून निघाल्यामुळे एकाच रंगाच्या झाल्या. बाबांनी चहा पिताना दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि पेपर वर धरला.

युक्ती फळाला आली. आता कुणी थांबेना. लोक बाजूने जाऊ लागले, बायका मुलांना 'छूना मत, खुजली है' म्हणून ओढू लागल्या. मी फार खूश होते. महिनाभर बाई पाचच्या वाटीला बिनबोभाट येत राहिली. आणि मग एका मंगळवारी आली नाही.

आई साडेपाचला वाजवून आली, सहाला वाजवून आली. सात वाजता ती खाली जाऊन प्रत्येक गाडीखाली वाकून बघत होती आणि सबंध सोसायटीसमोर मोठ्याने मराठीत हाका मारत होती. हसण्याला भिणारी माझी आई. दुसऱ्या दिवशी बाबांनी ऑफिसात पोस्टरं छापून आणली, रंगीत. त्यांच्यावर बाईचा मुनिरक्यातला फोटो होता: पांढरी, फुललेली, राजेशाही. मी म्हटलं, बाबा, ती आता अशी दिसत नाही. बाबा म्हणाले, "अगं, मग काय तो भादरलेला अवतार छापायचा? फोटो चांगलाच लावायचा असतो." स्थळासाठी बायोडेटा करावा तसं ते बोलत होते. खरं तर भादरल्यानंतरचा तिचा फोटो आमच्याकडे नव्हताच. लाज वाटून आम्ही काढलाच नव्हता. खाली 'मेंदी लगी है' असं लिहू का म्हटलं, तर आईच म्हणाली नको, लोक काय म्हणतील. तेव्हा तिघांच्या संमतीने आम्ही अस्तित्वात नसलेल्या मांजराचा शोध सुरू केला. फोन पुष्कळ आले. लक्ष्मीनगरला एक पांढरी आहे, नोएडात एक दिसली. बाबा दोन ठिकाणी जाऊनही आले. आई जेवत होती, कामं करत होती, पण बोलत नव्हती. ओट्यापाशीचा तो आवाज बंद झाला. घर एवढं गप्प असू शकतं याची मला कल्पना नव्हती, आणि ते माझ्यामुळे झालं होतं. मला तिने एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

नवव्या दिवशी आम्ही दोघी पलीकडच्या सोसायटीत पोस्टर सुटलं असेल तर चिकटवायला गेलो. वाऱ्याने बाकीची लोंबत होती, पण तिथल्या गेटवरचं एक चारही कोपऱ्यांना नवी टेप लावून नीट बसवलेलं होतं. चौकीदाराला विचारलं. तो म्हणाला, तळमजल्यावरच्या सिन्हा आंटी रोज बघतात, त्यांनीच टेप लावली. आई म्हणाली, आभार तरी मानून येऊ.

सिन्हा आंटी पाटण्याच्या, निवृत्त शिक्षिका, एकट्या राहायच्या. मुलगा दूर कुठे होता, त्याचं लग्नातलं छायाचित्र भिंतीवर होतं. पोस्टर आमचं म्हटल्यावर त्यांनी आईचा हात धरला आणि सरळ मागच्या अंगणात घेऊन गेल्या, सावली तिथे चांगली असते म्हणून. अंगण छोटंसंच होतं. माकडं येतात म्हणून वरून सगळीकडून हिरवी जाळी ताणलेली, खाली माती, लिंबाचं झाड, कुंड्या. लिंबाखाली मातीत, मागच्या पायाला पांढरी पट्टी बांधलेली, बाई झोपली होती.

मी तोंड उघडणार तेवढ्यात आंटीच बोलू लागल्या. ही भूरी. आठ-नऊ दिवसांपूर्वी कुत्र्यांनी पाय धरला होता, त्यांनी काठीने सोडवली, दवाखान्यात नेली, टाके पडले. आधी वाटलं हिचं कुणी असेल, पण अशी अवस्था बघून कळलंच. "घर से निकाली हुई है बेचारी," त्या म्हणाल्या. "बाल काट डाले, जाने क्या पोत दिया बदन पर. जिसकी भी थी, उसको कदर नहीं थी." मग पोस्टरची आठवण होऊन त्यांनी विचारलं, "आपकी वाली का कुछ पता चला? कितनी सुंदर है."

आई म्हणाली, "नहीं. अभी तक नहीं."

बाईला आमचा वास आला असावा. ती उठली, तीन पायांवर लंगडत आली, आणि आईच्या चपलेवर बसली. आंटींना नवल वाटलं, कारण ती कुणाकडे जात नसे. आई आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाली, आमच्याकडे मासळी असते, त्याचा वास येत असेल. तिने खाली वाकून हात लावला नाही. "अच्छी है. आपने अच्छा रखा," एवढं म्हणाली. एरवी दिवसभर जिच्याशी मराठीत बोलायची तिच्यासमोर तिने एकही मराठी शब्द उच्चारला नाही, आणि मला कळलं की उच्चारला असता तर सगळं संपलं असतं. सिन्हा आंटींनी एकदा बाईच्या विटकरी पाठीकडे पाहिलं, मग आईच्या केसांकडे पाहिलं, आणि चहा ठेवते म्हणून त्या आत गेल्या.

घरी येताना मी रस्त्यात भांडले. आपलीच आहे, सांगितलं का नाहीस, घाबरलीस ना, हिंदी येत नाही म्हणून घाबरलीस. मी फार वाईट बोलले. आई चालत राहिली. आमच्या गेटपाशी आल्यावर ती म्हणाली, "तिला माती हवी होती. तिथे माती आहे आणि वर जाळी आहे. मी वर्षभर वाटी वाजवली, पण मला हे दोन्ही एकदम देता आलं नाही." मग म्हणाली, "आणि त्या आंटी खोटं काही बोलल्या नाहीत. पोतलं आपणच." मग मात्र ती रडली, तिवारीजींच्या देखत. तिवारीजींनी तोंड फिरवून गेट उघडलं.

बाबांना रात्रीच्या जेवणाला सांगितलं. ते भात कालवत म्हणाले, पोस्टरं काढायला हवीत. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना त्यांनी सगळी काढली, फक्त सिन्हा आंटींच्या गेटवरचं ठेवलं. ते काढलं असतं तर त्यांना कळलं असतं. त्यामुळे पुढचे कित्येक महिने त्या गेटवर पांढऱ्या बाईचा फोटो लटकत राहिला आणि आत, जाळीखाली, भूरीचे केस वाढत राहिले. याचा हिशेब आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. त्यातले दोघे पदवीधर. आई कधीमधी पोळ्या किंवा नारळाची वडी घेऊन त्या बाजूला जायची, पण दारातूनच परतायची. संध्याकाळी पाच वाजता ती स्वयंपाकघरात काहीतरी जोरात घासत बसायची.

दिवाळी झाली, हवेत तो दिल्लीचा धुरकट गारवा आला, आणि एका रविवारी फोन वाजला. सिन्हा आंटी होत्या. आमचा नंबर आम्ही त्यांना दिलेला नव्हता. तो पोस्टरवर होता. धूप अच्छी है, मटर छील रही हूँ, आ जाइए, एवढंच त्या म्हणाल्या.

गेटवरची जागा रिकामी होती. चार कोपऱ्यांना टेपचे तुकडे तेवढे उरले होते. अंगणात आंटी खाटेवर मटार सोलत बसल्या होत्या, आणि त्यांच्या पायाशी, उन्हात, बाई होती. पांढरी, फुललेली, राजेशाही, फक्त शेपटीच्या टोकाला जरासा विटकरी रंग उरलेला. जुन्या फोटोतली जशीच्या तशी. आई दारातच थांबली. मला वाटलं आता त्या विचारतील, आणि आई काय सांगेल. त्यांनी विचारलं नाही. बसायला वेताचा मोढा दिला, मटारचं ताट पुढे सरकवलं. आईही मटार सोलू लागली. बऱ्याच वेळाने, आवाज शक्य तेवढा परका करून, आई म्हणाली, "आओ भूरी. इधर आओ."

बाईने कानसुद्धा हलवला नाही.

सिन्हा आंटींनी हातातली शेंग मोडली, दाणे ताटात टाकले, आणि वर न बघता म्हणाल्या, "अपनी बोली में बुलाइए. हिंदी में तो ये मेरी भी नहीं सुनती."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिने आंटींकडे पाहिलं, त्या मटारच सोलत होत्या. मग आईने मोढ्यावरून जराशी वाकून हाक मारली, "ये गं बाई, ये." आवाज जिन्यातला होता, पाच वाजताचा.

बाई उठली.